आमच्या शाळेचा पहिला गोल

मनामा, बहरैन
१८ फेब्रुवारी १९९५

प्रिय जमालुद्दीनभाई यांस,

महमूदचा सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा (का विचारतो ते पुढे येईल). तुमची बहीण शरीफुन्निसा रोज इफ्तारला तुमची आठवण काढते, म्हणजे माझ्यातल्या उणिवा मोजताना तुमचा दाखला देते.

गेल्या मे महिन्यात तुमच्या पडवीत बसून तुम्ही म्हणाला होतात की फुटबॉल हा सरकारी शाळेतल्या पोरांचा खेळ, फी भरून शिकणाऱ्या पोराला बॉलपेक्षा बुटांची काळजी जास्त. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिट्टी फुंकलेल्या माणसाशी वाद नको, म्हणून मी गप्प बसलो. आता बसणार नाही. खाजगी शाळा सरकारी शाळेला टक्कर देऊ शकते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, कारण मंगळवारच्या मॅचला आमच्या संघाचा कोच मीच होतो.

(हसू नका. मी ऑफिसातला क्लार्क, फुटबॉलशी माझा संबंध फाटलेल्या बॉलच्या तक्रारी फायलीत लावण्यापुरता. पण खेळाचे मास्तर लीव्हवर केरळला गेले ते तिकडेच रमले, आणि प्रिन्सिपॉल बाईंनी त्यांची शिट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली.) बाईंचं म्हणणं सरळ होतं. तीन वर्षांत आपल्या पोरांनी एकही गोल केलेला नाही. या मॅचला एक तरी झाला तर संघ राहील, नाहीतर फुटबॉल खलास, मैदानावर स्कूलबस उभ्या करायच्या. पोरांची तोंडं बघवेनात. आमचा फॉरवर्ड सिराज, त्याने तर इफ्तारची भजीसुद्धा पुढ्यातून सरकवली म्हणे.

समोर मुहर्रकची सरकारी शाळा. त्यांना मैदान सरकारचं, कोच सरकारचा, आणि पोरं अशी धिप्पाड की त्यातल्या एका दाढीवाल्याला मास्तर समजून मी अदबीने सलाम केला. पण मीही डोकं चालवलं. मॅच असरच्या नमाजानंतर, दिवस कलताना, म्हणजे त्यांचा सगळा संघ रोज्याने गळलेला. आपल्याकडे रोजा एकट्या सिराजचा. बाकी गोलकीपर सुयोगपासून गोव्याच्या पोरांपर्यंत सगळे जेवणारे. तेव्हा त्यांना दुपारी दाबून जेवू घालायचं ठरवलं. शरीफुन्निसाने मोठं पातेलं भरून मटणाचा पुलाव केला. आता रोज्यात रांधायचं म्हणजे मीठ चाखता येत नाही, अंदाजाने घालायचं. तिने अंदाजाने घातलं. ती नमाजला गेली तेव्हा आमच्या थोरल्या अस्माने, आई विसरली असेल म्हणून, अंदाजाने घातलं. दोघींचाही अंदाज अगदी बरोबर होता.

पोरं चांगल्या घरातली, ताटात टाकायचं नाही हे वळण लागलेली. सगळं संपवलं आणि वर पाण्याचा कूलर रिकामा केला. मैदानात उतरली तेव्हा त्यांच्या पोटातलं पाणी मला लाइनीबाहेर ऐकू येत होतं. धावत नव्हती असं नाही हं, पण बॉलच्या दिशेने नाही. एकेका वेळी मैदानात सातजण आणि बाथरूमसमोर चार. रेफरी यल्ला, यल्ला (चला, चला) करून दमला. आणि ते उपाशी मुहर्रकवाले! त्यांना दम लागलेला मी तरी पाहिला नाही.

तरीही भाई, गोल झाला. अगदी शेवटी आपल्याला कॉर्नर मिळाला, सिराज (एकटा हलक्या पोटाचा) गर्दीत घुसला, धूळ उडाली आणि बॉल जाळ्यात. मी भर मैदानात रडलो, खोटं कशाला सांगू. पोरांनी सिराजला खांद्यावर घेतलं. बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "महमूद, संघ राहील."

तेव्हा आपला वाद मिटला असं मी समजतो. भाभींना सलाम, मुलांना दुवा.

तुमचा मेहुणा,
महमूद

ता. क. स्कोअर विचारू नका. विचारलाच तर अकरा-एक.

ता. क. दुसरा. बाईंनी संघ ठेवला, मला मात्र काढलं. खरा कोच आणा म्हणाल्या. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. इंशाल्ला जूनपर्यंत व्हिसा होईल. चार फोटो पाठवा, गुडघ्यावरची पट्टी दिसणार नाही असे.

ता. क. तिसरा. हे भाभींनाही वाचून दाखवू नका. मी गोलच्या मागेच उभा होतो. सिराजचा पाय बॉलला लागलाच नाही. मी ज्याला सलाम केला होता, त्या दाढीवाल्याच्या नडगीला लागून बॉल आत गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, नाचणाऱ्या सिराजकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून निघून गेला. म्हणजे आमचा पहिला गोलही सरकारी शाळेच्या पोरानेच केला; तुमचंच खरं झालं. पण इथे आल्यावर सिराजसमोर हा वाद मीच जिंकलोय, एवढं कबूल असेल तरच या.