लाल मोजा एकाच पायात

आबा,

बाळाच्या उजव्या पायात लाल मोजा आहे आणि डावा पाय उघडा आहे. ही माझी धांदल नाही, मुद्दाम ठेवलंय. काल तुम्ही धीराने फिटचा व्हिडिओ काढलात, पण त्याआधी कपाट धुंडाळून मोज्यांची जोडी जमवलीत. आता व्हिडिओत नुसते दोन लाल पाय दिसतात. त्यातला एक आधी झटके देतो, आणि तो उजवा की डावा हे तुम्हालाही सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "स्कॅनमध्ये काही सापडत नाही. सुरुवात कुठल्या बाजूने होते ते कळलं, तर मेंदूत कुठे शोधायचं ते ठरेल." जागा सापडली तरच ऑपरेशनचा विचार होईल.

"सूनबाई, नातवाचा एक पाय गारठवू नकोस," असं तुम्ही पुन्हा म्हणालच. खोली उबदार आहे, मी पाहिलंय. फिट आली की त्याला कवटाळू नका. कुशीवर वळवा आणि फोनमध्ये पूर्ण अंग दिसू द्या. थांबली नाही तर आधी अँब्युलन्सला फोन करा, मग मला.

मी कामावर निघाले. दुसरा मोजा शोधत बसू नका. तो माझ्या पर्समध्ये आहे.