नकाशाबाहेरच्या तारा

प्रिय फ्यूज,

मागच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून आपण डबा खायचो, आठवतंय? तू वायरमन, मी ड्रॉइंग विभागात, बहीण-भाऊ एकाच सरकारी प्रयोगशाळेत. आधी माझा डबा फस्त करायचा आणि मग स्वतःचा उघडून, ‘ताई, तुला हवं का गं?’ असं साळसूदपणे विचारायचं, हा तुझा रोजचा नेम. एकदा साहेबांनी आपल्याला जिन्यात पाहून विचारलं होतं, काय कट शिजतोय? तू भरल्या तोंडानं म्हणालास, ‘साहेब, शिजलेलंच खातोय.’ मला असा ठसका लागला की साहेबांनाच पाणी आणायला पळावं लागलं. लहानपणी घरातला फ्यूज उडवून मिळवलेलं हे नाव तुझी साठी उलटली तरी मी सोडणार नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

तो जिना आता धुळीनं पांढरा झालाय. अखेर आपल्या इमारतीचं नशीब उघडलं. तळघरातलं गारव्याचं यंत्र, थंडीत म्हाताऱ्यासारखे खोकणारे हीटर, चिनी मातीच्या फ्यूजची पॅनेलं, कापडी वेष्टणाच्या तारा, सगळं काढून नवं बसवताहेत. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, तरी साहेबांनी मला ठेकेदाराच्या माणसांबरोबर जुंपलंय, कारण जुने नकाशे माझ्या हातचे. त्यांचा इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा आहे, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा सगळीकडे शोधणारा. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत फूटपट्टीच्या धाकानं घोटून घेतलेलं माझं अक्षर पाहून तो म्हणाला, ‘मॅडम, छापून घेतलंय की काय?’ मी सुखावले, खोटं कशाला बोलू. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही आणि वर शिक्का: ‘प्रत्यक्षाप्रमाणे’. म्हणजे भिंतीत जे आहे तेच कागदावर. त्या एका शब्दाच्या भरवशावर तो माणूस शिडी चढतो.

मंगळवारी आम्ही मागच्या विंगेत होतो, पूर्वीच्या शीतगृहापाशी. आता तिथे कागदांची रद्दी असते. त्यानं मेन बंद केला, छतातल्या तारेला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. कटर खाली राहिला म्हणून तो दोन पायऱ्या उतरला. तेवढ्यात पुढच्या विंगेतला, वीज गेली की आपोआप लागणारा जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि सगळी मागची विंग अंधारात असताना त्या रद्दीच्या खोलीतला बल्ब लख्ख पेटला. तो वर बघत हसला, ‘मॅडम, तुमच्या इमारतीत भुतं आहेत वाटतं.’ मी फक्त एवढंच म्हणाले, काम थांबवा, आधी जेवून घ्या. खरं कारण तेव्हाच सांगायला हवं होतं.

ते भूत तुझं-माझं आहे. बियाण्यांच्या बाई आठवतात ना? एका उन्हाळ्यात वीज जाऊन त्यांचं सहा वर्षांचं बियाणं शीतगृहात उबून मेलं, तेव्हा त्या रिकाम्या ट्रेवर हात फिरवत बसल्या होत्या. जनरेटरची लाइन मागच्या विंगेला द्या, असे त्यांनी तीन अर्ज केले आणि तिन्ही परत आले. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तू छतातून तार ओढलीस आणि मी खालून शिडी धरली. सोमवारी मी नकाशा पुरा केला, ती तार वगळून, आणि हात न थरथरता शिक्का मारला. बाईंचं बियाणं वाचलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. शीतगृह दुसरीकडे हलवलं तेव्हा तू म्हणालास, तार काढली. मी मानलं. छतात डोकावून पाहिलं नाही.

मंगळवारी जिन्यातूनच तुला फोन केला. तू आधी म्हणालास की अर्धी काढली होती, उरलेली राहू दिली, कधी लागली तर. मग म्हणालास, ‘ताई, तोंड शिवून बस. मी रविवारी येतो, गुपचूप तोडून टाकतो, कुणाला पत्ता लागणार नाही.’ मी विचारलं, नक्की तेवढीच ना? आणि तू हसलास रे. ‘अगं, ती एकच थोडी आहे!’ कुणाचा फ्रिज, कुणाची काचेची पेटी, कुणा साहेबाचा पंखा. कुणी गोड बोललं की तू तार ओढून द्यायचास. तुझा स्वभावच तो, आणि मला त्याचं कौतुकही होतं. पण त्या हसण्यानंतर माझ्या डोळ्यांसमोरून तो शिडीवरचा माणूस जाईना. टेस्टर खोटं बोलला नव्हता. त्या क्षणी तार खरंच मेलेली होती. मेन बंद केला की काही सेकंदांनी जिवंत होणारी तार कुणाला कशी ओळखू येणार?

तू आता प्रशिक्षण केंद्रात नव्या वायरमनांना सुरक्षितता शिकवतोस, पोरं तुला गुरुजी म्हणतात, पुढच्या महिन्यात तपासणी समितीवर तुझी नेमणूक व्हायची आहे. हे सगळं मी तीन दिवस तागडीत घालून पाहिलं. दुसऱ्या पारड्यात तो चष्मा शोधणारा माणूस बसला होता. त्याच्या बाजूला झुकलेली तागडी हललीच नाही.

म्हणून आज सकाळी साहेबांना लेखी कबुली दिली. नकाशा मी खोटा काढला, एवढंच लिहिलंय. तुझं नाव घातलेलं नाही. काम येत्या गुरुवारपर्यंत थांबलंय. जनरेटर बंद ठेवता येत नाही, पुढच्या विंगेतले नमुने त्यावर आहेत. आणि सांधे नेमके कुठे मारलेत ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. रविवारी चोरून येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. सोबत मागच्या विंगेच्या नकाशाच्या तीन प्रती आहेत. तिन्हींवर तुझ्या हातची प्रत्येक तार आणि प्रत्येक सांधा लाल पेन्सिलीनं दाखव, एकही न विसरता. पहिली प्रत थेट इलेक्ट्रिशियनच्या हातात द्यायची, कचेरीच्या टपालात टाकायची नाही. दुसरीचं काही ठरो न ठरो, ही बुधवारपर्यंत पोचलीच पाहिजे. दुसरी साहेबांना. तिच्यावर ‘नकाशा काढणार’ इथे माझी सही आहे, ‘काम करणार’ ही जागा कोरी ठेवलीय. तिचं काय करायचं ते तू ठरव. तिसरी तुझ्या वर्गातल्या पोरांना.

तुझीच,
ताई