आतून पाणी भरलेलं घड्याळ

खर्डा, सोमवार

चि. कल्याण,

खर्ड्याहून दाजीचा रामराम आणि आशीर्वाद, दोन्ही घे. आम्ही ठीक. तुझ्या बहिणीचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. तुझे कान कसे आहेत? (बंदरात जहाजांच्या बुडाखाली बुड्या मारून पोट भरणाऱ्या माणसाने कान जपावेत. आमच्याकडे ती काळजी नाही, बुडायला पाणीच नाही.)

तर गोष्ट तू पाठवलेल्या घड्याळाची. तुझ्या भाचीची, ज्योतीची, सुपारी फुटली तेव्हा होणारे जावई समर्थराव म्हणाले, मला काही नको, फक्त ते पाणबुड्यांचं घड्याळ, दोनशे मीटर खोल पाण्यात चालणारं. माणूस श्रीरामपूरकडचा बागायतदार, पतसंस्थेत कारकून. पोहता येत नाही, आंघोळ बादलीतली. ज्योती तेव्हाच म्हणाली होती, ‘आबा, ह्या मानसाला बायकू कशाला पायजे, टाकी पायजे.’ मी डोळे वटारले. कोरडवाहू खर्ड्याच्या पोरीला बागायती स्थळ म्हणजे चेष्टा आहे का? बी.एस्सी. झालेली पोरगी पोलीस भरतीसाठी रोज आठशे मीटर पळते म्हणून नाकारणारी तीन स्थळं मी आधीच पाहिली होती. हे हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

घड्याळ आलं, अख्खा गाव बघून गेला. आता एवढी भारी वस्तू पारख न करता द्यायची कशी? दोनशे मीटर खोल आमच्याकडे फक्त बोअर जातं आणि वर फुफाटा येतो. म्हणून घड्याळ पाण्याच्या टँकरमध्ये दोरीने सोडलं. तासाभराने काढलं, चालू! तिथेच थांबलो असतो तर हे पत्र एका कार्डावर मावलं असतं.

पण स्टँडवरचा बिभीषण तिथे होता. (मोटर रिवायंडिंगवाला. तालुक्यातल्या निम्म्या पाणबुडी मोटरी त्याने दुरुस्त केल्यात, उरलेल्या निम्म्या त्याच्यामुळे जळाल्यात.) घड्याळ कानाशी धरून तो म्हणाला, ‘मालक, ही आतून कोरडी हाय. जळंल.’ बोअरात मोटर सोडायच्या आधी आत चांगलं पाणी भरतात, हवा राहिली की मोटर गेलीच, हे मलाही ठाऊक. चार शहाण्यांनी माना डोलावल्या, पाचवी माझी. ज्योती घड्याळाबरोबरची पुस्तिका घेऊन ओरडत होती, की काच, मागचं झाकण आणि चावी, तिन्हीखाली रबराची कडी असते, चावी पिळून घट्ट बसते, आणि जितकं खोल जावं तितकं पाणीच झाकण दाबून आणखी घट्ट करतं, म्हणून आत थेंब जात नाही, आत हवाच पाहिजे! पण पुस्तिका इंग्रजीत, आणि बिभीषणाला वीस वर्षांचा अनुभव. त्याने पकडीने झाकण फिरवलं, जारचं शुद्ध पाणी इंजेक्शनने भरलं, रबराची कडी ‘हे जुनं पॅकिंग’ म्हणून फेकली आणि सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. काम पक्कं! आत भरलेलं पाणी अजिबात बाहेर आलं नाही.

काटे मात्र चार वाजून दहा मिनिटांवर बसले ते बसले. साखरपुडा दुसऱ्या दिवशी. मांडवात जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं, तर आत बुडबुडा इकडून तिकडे पळतोय. समर्थराव म्हणाले, ‘मामा, आत पाणी दिसतंय.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘जावईबापू, भारीतलं हाय. आतून आधीच भरलेलं, म्हंजी बाहेरचं शिरायला जागाच न्हाई.’ माणूस एवढा खूश झाला की पाहुण्यांत मनगट उंच करून फिरला. ज्योतीने विचारलं, ‘मग काटे का थांबलेत?’ तर काय फाडकन उत्तर दिलं त्यांनी! ‘पाण्यात गेल्यावर चालू होतात.’ साखरपुडा थाटात झाला. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझा दाजी,
श्रीमंत

ता. क. वर ‘थाटात झाला’ लिहिलंय ते जेवणापुरतं खरं. ते उत्तर ऐकून ज्योतीने अंगठी काढून ताटात ठेवली आणि म्हणाली, ‘आबा, मला न्हाई करायचं.’ मला असा राग आला की विचारू नकोस. मग समर्थरावांकडे बघितलं, ते बुडबुडा मोजत होते. खरं सांगू, मला हसू आलं, आणि इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

ता. क. २. समर्थरावांनी घड्याळ तिथेच काढून ठेवलं. आता निरोप आलाय, लग्न मोडलं तरी घड्याळ पाठवा, तेवढं पाणी बदलून. मी पाठवणार नाही.

ता. क. ३. खरं काम हे, की ज्योतीने झाकण खोलून घड्याळ वाळवलं, ते चालू झालंय. आठशे मीटरची वेळ ती त्याच्यावरच लावते. मागच्या झाकणाची अस्सल रबरी कडी तेवढी पाठव, आणि पट्टा बारीक मनगटाचा. लवकर पाठव. पोरगी पावसातही पळणार म्हणते.