दर मंगळवारचं वैधव्य

देपालपूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुलोचनास,
थोरल्या नणंदेचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून लिहिते. मेडिकल कॉलेजात तू खोटी पेशंट होतेस, पोटदुखीचं सोंग करतेस, पोरं त्यावर शिकतात, इथवर ठीक. पण परवा तिथेच शिकणारी आमची रुची घरी आली आणि म्हणाली, आजी, मामीआजी क्या रोती हैं, एकदम असली. आता म्हणे तू पेशंटची बायको होतेस आणि शिकाऊ डॉक्टर तुला नवरा गेल्याचं सांगतात. तेही दर मंगळवारी. वर नाव सांगतेस अप्पाचं.

माझा भाऊ घरी पोहे खातोय आणि तू तिकडे त्याला मारतेस? वास्तू तथास्तु म्हणत असते, बाई. पत्रावर सौ. लिहिलंय, ते तरी सांभाळ. सोड ते काम.

रागातही तुझीच,
भानुमती

इंदूर, ९ ऑगस्ट

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

हे ठणठणीत आहेत. तुमचं पत्र वाचून हसले आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन डॉक्टरांनी बंद केलेला भुट्ट्याचा कीस खाऊन आले. खरा धोका त्याचा आहे.

कॉलेजनं नवऱ्याचं नाव दिलं होतं शामलाल. शामलालसाठी मला रडूच येईना, म्हणून ह्यांचं नाव घेतलं. पोरंही काय एकेक. एकानं दारातूनच सांगितलं, दुसरा घड्याळ बघत सॉरी म्हणाला. वैताग येतो. परत बाहेर पाठवते, म्हणते, आधी बस, मग बोल.

पण काम सोडणार नाही. भाऊजी गेले तेव्हा मी तुमच्याशेजारी होते. मोबाइलमधून मान वर न करता तो डॉक्टर म्हणाला, बॉडी कौन ले जाएगा. तोवर तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांची खिचडी गार होईल म्हणून तुम्ही डबा पदरात धरून बसला होतात. मला ते विसरता येत नाही.

रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपली,
सुलोचना

देपालपूर, १४ ऑगस्ट

चि. सौ. सुलोचनास आशीर्वाद.

खिचडीचं कशाला काढलंस? दोन दिवस पत्राकडे पाहवलं नाही.

कर काम. तू ऐकणारी नाहीसच. पण अप्पाचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, धाकटा आहे तो माझा. आमच्या ह्यांचं घे. त्यांना आता कसलं भय? त्यांनी तुला पाठच्या बहिणीसारखं वागवलं, तेव्हा रडू येईल. पोरांना म्हणावं, बॉडी म्हणू नका, माणसाचं नाव घेऊन सांगा.

नाव मारुतीराव. लग्नातल्या उखाण्यानंतर आज पहिल्यांदा घेतलं.

तुझी,
भानुमती