साइटच्या चौकटीत आलेला फोटो

१२ जाने., सोमवार
आमच्या महिला संस्थेच्या वेबसाइटवर आज विजेट बसवलं एकदाचं. संस्था चालवणाऱ्या कल्पनाताई कधीच्या मागे लागल्या होत्या. "आपली साइट कशी मेल्यावानी दिसते वं! वरची बातमीच दोन वर्षांची." आता पहिल्याच पानावर चौकट. बाया सोशल मीडियावर जे टाकतील ते तिच्यात आपोआप येतं. कोड तिसऱ्या खेपेला चालला. आधी फक्त संस्थेच्या पानावरच्या पोस्ट घेतल्या, तर चारच आल्या. भकास दिसत होतं. मग आमचा हॅशटॅग लावलेल्या कुणाच्याही पोस्ट येऊ दिल्या. 'मंजुरीनंतरच दाखवा'ची खूण काढून टाकली. प्रवेश मी, हजेरी मी, साइट मी. रोज मंजुरी कोण देत बसेल.

१५ जाने., गुरुवार
हळदीकुंकू झालं. नवरा असलेल्या, गेलेल्या, सोडलेल्या, सगळ्यांना वाण. मागे फ्लेक्सवर हॅशटॅग मोठ्ठा. संध्याकाळपर्यंत चौकट गच्च. ताई खूश. मीही.
सुनंदा मागेच उभी. कुणी मोबाईल वर केला की पाठ करायची. तिचं खरं नाव सुनंदा नाहीच. नवऱ्याने गळा दाबला त्या दिवशी मुलीला घेऊन निघाली, दीड वर्षापासून इथं शिवणवर्गात कटिंग शिकवते. हे ताईंना माहीत, आणि फॉर्म भरला म्हणून मला.

१७ जाने., शनिवार
अकराच्या सुमारास सहज साइट उघडली.
वर्गातल्या पूजाने टाकलेला फोटो. सुनंदा तिळगूळ देताना, तिच्या नकळत, तोंड भरून हसत. शेजारी मुलगी गणवेशात. खिशावर शाळेचं नाव. मोठं करून पाहिलं, वाचता येतं. खाली गावाचं नाव.
विजेट काढलं. पूजाला फोन केला.
"काऊन ताई? मस्त तं आला फोटो."
"आधी काढ. मंग सांगतो."
काढला तिने. पण गुरुवार संध्याकाळपासून होता. जवळजवळ दोन दिवस, आमच्या पहिल्या पानावर. त्या एका खुणेमुळे.
सुनंदा समोरच्या खोलीत कापड बेतत होती. जाऊन सांगायचं होतं. दारापर्यंत गेले, परत आले.

१८ जाने., रविवार
पोळ्या करपल्या. हे म्हणाले, "तुले बरं नाई का?" डोकं दुखतं म्हटलं. कोण पाहतं आपली साइट, असं मनाला सांगतेय सकाळपासून.

१९ जाने., सोमवार
पाहिली कुणीतरी.
साइटवर 'संपर्क' आहे, तिथं आलेले निरोप मी सोमवारीच उघडते. त्यात एक शुक्रवार दुपारचा. नाव नाही. 'तिळगूळ देणारी बाई माझी नातेवाईक आहे. कुठे राहते कळवा.'
ताईंना दाखवला. मग म्हणाल्या, "तिले तूच सांग."
सांगितलं. खुणेचंसुद्धा सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. तिने कात्री खाली ठेवली.
"किती वेळ होता?"
"दोन दिवस."
"पोट्टीचा ड्रेस दिसते का त्यात?"
मी मान हलवली. ती चप्पल न घालताच निघाली. स्कूटीवर मागे बसवून शाळेत नेलं. रस्ताभर माझा खांदा धरून होती, अजून दुखतोय.
मुलगी वर्गात होती. होती! पण तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, शनिवारी फोन आलता, मामा बोलतो म्हणे, कितवीत आहे विचारलं. "तिसरीत आहे म्हणून मी सांगितलं. काऊन, काही झालं का?"
सुनंदाला भाऊच नाही.
दोघींना घरी आणलं, नालवाडीला. यांना सगळं सांगावंच लागलं. यांनी उठून पुढचं दार लावलं.

२० जाने., मंगळवार
ताई, सुनंदा, मी पोलिसांत. ठाण्यातल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला. एकट्या राहू नका म्हणाल्या.
दिवसभर खिडक्या बंद. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की सुनंदा मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबते. मुलगी विचारते, "आई, आपण कोनापासून लपून राह्यलो?"

२१ जाने., बुधवार
गेल्या दोघी. ताईंनी स्वतः गाडीत नेलं. कुठं, ते मी विचारलं नाही. ताईंनीही "तुले माहीत नसलेलं बरं" एवढंच म्हटलं. बरोबर आहे त्यांचं.
निघताना पाया पडायला वाकले तर सुनंदाने धरलं. म्हणाली, "राग नाई असं मी म्हननार नाई, ताई. पन तुमी लपवलं नाई. दोन दिवस उशीर केला, पन लपवलं नाई."
दोन दिवस. शनिवारीच सांगितलं असतं तर…

२३ जाने., शुक्रवार
आला.
ताई बाहेर गेलेल्या. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. मीच खुर्ची दिली, मला काय माहीत. मोबाईल काढून टेबलावर ठेवला. तोच फोटो. आमच्या साइटचा, चौकटीसकट.
"हे फोटोमांगची भिंत तुमचीच नाई का?"
म्हटलं, हळदीकुंकवाला गावभरच्या बाया येतात, सगळ्यांना मी ओळखत नाही.
"असं." हसला. "साइट तुम्हीच पाहता का? चांगली केली. मले लय कामी आली."
आवाज एकदाही चढवला नाही. "उद्या येतो, मंग नीट सांगजा," म्हणून डबा तिथंच ठेवून गेला. ताईंना, पोलिसांना फोन केला. नंबर दोनदा चुकला.

२४ जाने., शनिवार
दहापासून दाराकडे पाहत बसलेय. बाहेर एक पोलीस होता दुपारपर्यंत. पूजा मुद्दाम माझ्याजवळ मशीन घेऊन बसली.
पाच वाजले. तो आला नाही.
पूजा म्हणाली, "भ्याला असंन, ताई. गेला असंन घरी."
ताईंचा फोन लागत नाही सकाळपासून. काल माझा फोन गेल्यावर त्या दोघींकडे गेल्यात, तिकडे रेंज नसेल. तो इथं आला नाही म्हणजे कुठं गेला, हेच डोक्यात. परत लावून पाहते.