सेक्रेटरीने पाद्रिन होऊ नये

बेंदुर्ली, साष्टी
मंगळवार, २८ नोव्हेंबर २००६

आदरणीय थोरले बंधू केरोबिन इर्मांव,

तुला, एर्सिलिया वहिनीला आणि दोन्ही मुलींना माझा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? गोदामातले खोके उचलायचं काम सुटलं का? तिकडे परदेशात थंडी सुरू झाली असेल, तेव्हा छातीला तेल चोळत जा. इस्टरनंतर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही याबद्दल क्षमा कर. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसाला चार पुस्तकं बाहेर जातात आणि तीन परत येतात. त्यात माणूस किती बुडणार? खरं कारण हे की इथं सगळं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललेलं कागदावर आणलं की बिघडतं असं मला वाटतं. (हे आईकडून आलेलं. एवढं शिकूनही गेलेलं नाही.) आता बिघडलंच आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. वाड्यावरची बरीचशी घरं बंदच असतात. मिंगेलचं कुटुंबही जूनमध्ये लिस्बनला गेलं आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेलं, म्हणजे आता माझ्याकडे चार घरांच्या किल्ल्या झाल्या. शनिवारी मी एकेका घरात जाऊन खिडक्या उघडतो, वारा खेळवतो आणि बंद करतो. आत शिरताना तोंडातून "कोण आहे?" असं निघतं. परवा मिंगेलच्या घरात असं म्हणालो आणि उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभाही राहिलो. हे मिंगेलला सांगू नकोस, त्याला वाटेल किल्ली चुकीच्या माणसाला दिली.

तर आता आपल्या क्लबाबद्दल. तू लेफ्ट बॅक होतास तेव्हा बेंदुर्ली बॉईजला अकरा माणसं जमवता जमवता चर्चच्या पाद्र विगारच्या आचाऱ्यालाही उतरवावं लागायचं. आता पोरं भरपूर आहेत, पण टिकत नाहीत. अध्यक्ष बोस्को (रेतीच्या ट्रकांवाला, तुझ्याबरोबर शाळेत होता, तुझी वही पाहून लिहायचा तोच) याने आपण खेळतो त्या शेताच्या बांधावर 'बेंदुर्ली बॉईज फुटबॉल अकादमी' असा फलक लावला. फलक आपल्या गोलपोस्टपेक्षा मोठा आहे, आणि तीच चूक झाली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना कळलं की इथं काहीतरी पिकतं. पहिल्याच वर्षी शेजारच्या गावाने आपला एक पोर सायकल देऊन नेला आणि दुसरा वास्कोच्या एका क्लबाने नुसता बुटांचा जोड देऊन. बोस्को म्हणाला, "आपण पेरायचं, पाणी घालायचं, आणि कणीस लागलं की पोपट दुसऱ्याचे!" मग कमिटी बसली आणि आपला एक नंबरचा पोर वेलरॉय कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही असं ठरलं.

वेलरॉय म्हणजे देवळामागच्या पिएदादचा मुलगा. बाप बोटीवर खलाशी, आई घरी शिवणकाम करते, पोर पंधरा वर्षांचा आणि डाव्या पायात जादू. (मला फुटबॉल कळत नाही हे तुला माहीत आहे. जादू हा शब्द बोस्कोचा आहे.) त्याला लपवायची युक्ती मात्र माझीच, हे मला कबूल केलं पाहिजे. क्लबाचा सेक्रेटरी म्हणून सामन्यांचं वृत्त मडगावच्या पेपरला मी पाठवायचो. मी वेलरॉयचे गोल दुसऱ्यांच्या नावावर लिहू लागलो. आणि एकालाच फार दिले तर तोही पळवला जाईल, म्हणून ज्याला कुणी नेणारच नाही अशाला द्यावेत असा विचार करून मी ते आपल्या जाड्या गोलकीपरला, आल्फीनला दिले. दोन महिन्यांत आल्फीनच्या नावावर अकरा गोल लागले. मग एका क्लबाकडून रीतसर पत्र आलं, की तुमच्या गोलकीपरला एकदा पाहायचं आहे, असा गोलकीपर आम्ही ऐकला नाही.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण पिएदाद पेपर वाचते. नवऱ्याला बोटीवर पाठवायला ती कात्रणं कापते, हे मला कुठं ठाऊक होतं? ती ग्रंथालयात आली, हातात कात्री तशीच, आणि वाचणाऱ्या दोन पोरांसमोर म्हणाली, "माझ्या मुलाचे गोल त्या जाड्याला वाटलेत, उद्या त्याचं नाव पण वाटाल! त्याचा बाप तिकडे बोटीवर विचारतो, पोर खेळतो का नुसता फिरतो?" मी म्हणालो, छपाईची चूक. ती म्हणाली, "अकरा वेळा?" तेव्हापासून मी पेपरला वृत्त पाठवणं सोडलं. पण पिएदाद पोराला काढून नेणार अशी बातमी गावभर झाली, आणि त्या भीतीतून बोस्कोच्या डोक्यात ती दुसरी कल्पना आली.

मे महिन्यात बिशप चर्चमध्ये पोरांना क्रिज्माचा संस्कार द्यायला येणार होते. प्रत्येक पोराला एक पाद्रिन लागतो. खांद्यावर हात ठेवून वेदीपुढं उभं राहायचं आणि पुढं जन्मभर त्याचं बरंवाईट पाहायचं. बोस्को कमिटीत उठून म्हणाला, "माणूस बायकोला सोडतो, गावाला सोडतो, क्लबाला तर सोडतोच. पाद्रिनाला सोडून गेलेला कुणी पाहिलाय?" आणि त्याने अकादमीचे सगळे चांगले पोर कमिटीच्या लोकांत पाद्रिनाच्या नात्याने वाटून टाकले. वेलरॉय माझ्या वाट्याला आला, कारण (हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं) "रेमिजच्या मागे ना बायको ना पोर, त्याला लक्ष ठेवायला वेळच वेळ." पिएदाद तयार झाली ती पोराला लिहिता-वाचता माणूस पाद्रिन मिळतो म्हणून. पेपराचं ती विसरली नव्हती, पण चर्चच्या कामात माफी असते असं म्हणाली. पाद्र विगारनी मात्र नाव लिहून घेताना चष्म्यावरून पाहिलं. "पोरासाठी उभा राहतोस की क्लबासाठी?" मी म्हणालो, "पोरासाठी, पाद्र." इर्मांव, मी इतक्या पटकन ते म्हणालो की ते खोटं आहे हे मला ऐकूही आलं. त्याच आठवड्यात मी कबुलीजबाबाला गेलो, पण तिथं दुसरीच पापं सांगून आलो.

क्रिज्माचं जेवण आपल्या घरी केलं. बाबा गेल्यानंतर या घरात एवढी पानं पहिल्यांदाच पडली. सोरपोतेल, सान्नां, शाकुती, सगळं पिएदादच्या बहिणींनी केलं. मी नुसता पंखे फिरवत होतो. पिएदादकडचा म्हणून एक टकला गृहस्थ आला होता. फार भला माणूस. सोरपोतेल तीनदा मागून घेतलं, मी त्याला तुझी खुर्ची दिली. जेवणानंतर पोरं कोटपाटलोणीवरच मागच्या आवारात खेळू लागली तेव्हा तो पडवीत बसून एकटक पाहत होता. पुढं पावसाळ्यातही तो तीनदा छत्री घेऊन बांधावर दिसला. आम्ही सोयरा समजून त्याला चहा पाठवला, एकदा भजीही. पिएदाद त्याला माझा पाहुणा समजत होती. तो वास्कोच्या मोठ्या क्लबाचा पोरं हेरणारा माणूस होता, हे नोव्हेंबरात कळलं.

पण त्याआधीचं थोडं सांगतो. क्रिज्मानंतरच्या पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर वेलरॉय दारात उभा. रीतच आहे, पाद्रिनाकडे बेसांव मागायला यायचं. गुडघ्यावर बसला, मी डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे शब्दच विसरलो. घरात कालचं माशांचं हुमण आणि बेकरीच्या दोन पोय होत्या, त्या आम्ही वाटून खाल्ल्या. दुसऱ्या रविवारसाठी मी शनिवारीच मडगावहून चोरिस आणून ठेवलं. तिसऱ्या रविवारपासून तो सांगून जायला लागला, पुढच्या वेळी काय करा ते. चांगला तोंडाळ आहे. "पाद्रिन, तुमच्या घरात घड्याळ किती मोठ्याने वाजतं हो! आमच्याकडे आहे तसलंच, पण कधी ऐकू येत नाही." मी म्हणालो, तुमचं बिघडलं असेल. नऊ वर्षं मी क्लबाचा सेक्रेटरी आहे आणि मला ऑफसाइड कळत नाही, हे फक्त त्याला मी सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला; मग व्हिनेगरची बाटली, मिठाचं भांडं आणि दोन लिंबं घेऊन त्याने ते मला समजावलं. दर रविवारी समजावतो. (मला तिसऱ्याच रविवारी कळलं होतं. मी अजून कळलं नाही म्हणतो. हे बरोबर की चूक, याचा विचार मी डायरीत दोन पानं केला आहे.)

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो आईला घेऊन आला आणि तिने ते पत्र टेबलावर ठेवलं. वास्कोचा क्लब त्याला घेणार. राहणं, खाणं, शाळा, बूट, सगळं त्यांचं. दोन वर्षांनी मोठ्या संघात. अट एवढीच, की नोव्हेंबर संपायच्या आत बेंदुर्लीच्या सेक्रेटरीने सही करून सोडपत्र पणजीच्या कचेरीत द्यायचं. ते नाही दिलं तर यंदाचं वर्ष गेलं, आणि त्यांच्याकडे दुसरे पोर रांगेत आहेत. मी घसा साफ केला आणि कमिटीला विचारावं लागेल म्हणालो. पिएदाद म्हणाली, "सेक्रेटरीशी मी बोलतच नाही. तो माणूस पेपरात खोटं लिहितो. मी पाद्रिनाला विचारायला आले. नवरा समुद्रात, मी विचारू कुणाला?" आणि वेलरॉय खाली बघत म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार." इर्मांव, आमच्या कमिटीची कुठलीही योजना इतकी तंतोतंत यशस्वी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या वेळी मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, तिथं जेवण बरं नसतं, रोज नुसती डाळ. मला त्यांच्या डाळीची काहीही माहिती नाही. वेलरॉय म्हणाला, "मग रविवारी येईन ना इथं!" पिएदादने पत्रात बोट ठेवून दाखवलं, की रविवारी सामने, सुटी फक्त नाताळात आणि मे महिन्यात.

बोस्कोला सांगितलं तर तो माझ्या पाठीवर थाप मारून नाचायचाच बाकी होता. "म्हटलं नव्हतं? आता फक्त 'नको' म्हण. एक शब्द! एवढी पुस्तकं राखतोस, एक शब्द निघत नाही?" मी म्हणालो, पोराचं काय? "पोराचं काय व्हायचंय? इथं राहील, खेळेल, रविवारी तुझ्याकडे जेवेल. यात तुझं काय वाईट आहे सांग." तेच तर अवघड होतं, माझं त्यात काहीच वाईट नव्हतं. घरी येऊन मी डायरीत पोराने का राहावं याची कारणं लिहिली. चांगली भरगच्च निघाली. मग प्रत्येकापुढं ते कुणाच्या भल्याचं आहे ते लिहिलं: क्लब, क्लब, मी, बोस्को, मी, मी. वेलरॉयचं नाव कुठंच आलं नाही.

परवाच्या रविवारी मी त्या दोघांना सांगितलं, जायचं. त्यांच्यासमोर सोडपत्रावर सही केली, क्लबाचा शिक्का मारला. पिएदाद रडली आणि मग शिक्का वाकडा लागला म्हणून ओरडली. वेलरॉयने नऊ सान्नां खाल्ल्या आणि व्हिनेगरची बाटली उचलून पुन्हा एकदा ऑफसाइड समजावलं. या वेळी मी कळलं म्हणालो. असं ते प्रकरण मिटलं, आणि मी समाधानात आहे.

सगळ्यांना आठवण सांग. मुलींना मुका.

तुझा धाकटा भाऊ,
रेमिज

ता. क. बोस्को तुला माझ्याविरुद्ध पत्र लिहिणार आहे, तू क्लबाचा आजीव सभासद आहेस म्हणून. त्याला कळव की मी लहानपणापासून असाच आहे. ते खरंही आहे आणि त्याचा रागही उतरेल.

ता. क. २. वर मी प्रकरण मिटलं असं लिहिलं. सही केली हे खरं, पण कागद अजून इथंच आहे, या पत्राखाली. सोमवारी पणजीला जाऊन देतो असं मी पिएदादला सांगितलं होतं. सोमवारी अंगात कसकस वाटली (दोनदा ताप मोजला, दोन्ही वेळा नव्हता). आज बस चुकली असं सांगितलं. बस चुकली नव्हती. ड्रायव्हर फेलिसने मला पाहून हॉर्न दिला, थांबला, आणि मी हातानेच 'जा' म्हटलं. तीसला कचेरी बंद आहे, म्हणजे शेवटचा दिवस उद्याच. पोराने आज संध्याकाळी येऊन काही विचारलंही नाही. आपला पाद्रिन उद्या कागद देणारच याबद्दल त्याला शंकाच नाही.

ता. क. ३. खरं म्हणजे हे पत्र एवढ्याचसाठी लिहायला बसलो. तुला जमलं तर रविवारी दुपारी एक वाजता फोन करत जा. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात असतील, एर्सिलियाला उठवू नकोस. बोलायला काही नसलं तरी चालेल. तू नाश्ता कर, मी जेवत असेन.

उद्या: पहिल्या बसने पणजी, सोडपत्र कचेरीत देणे.