अक्कांच्या गळ्यातली ठुशी

३ ऑगस्ट, रविवार
एकही नाही गेली! चारशे पन्नास रुपये, तेही कुरिअरसकट, आणि दुकान ऑनलाइन टाकून आठवडा झाला तरी एक ठुशी हलेना. एकीचा मेसेज — "एवढी स्वस्त, म्हणजे काळी पडणार ना?" अगं बाई! मणी ओवून ओवून माझे डोळे फुटायची वेळ आली, आणि स्वस्त आहे म्हणून ती वाईट?

४ ऑगस्ट
किंमत बाराशे पन्नास केली. राजवर्धनला चहा पिता पिता ठसका लागला. "बाराशे? पेठेतले नवरे काठ्या घेऊन येतील की दारात!" मी म्हटलं, हिशेबात मणी धरलेस, रेशीम धरलंस, गोंडा धरलास, बायकोचे हात कुठे धरलेस? (आकडा टाकताना मीच तो तीनदा खोडला होता, पण ते त्याला कशाला सांगू!)

७ ऑगस्ट
चुकतंय ते फोटोत. ठुशी गळ्याला बिलगून बसायची वस्तू, मखमलीच्या स्टँडवर अगदीच मेलेली दिसते. माझ्या गळ्यात घालून पाहिली — माझी मान म्हणजे नावाला मान! हनुवटीखाली ठुशी गडप.

मग अक्कांकडे लक्ष गेलं. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. काय तो गळा! लांब, ताठ. पण सासरे गेल्यापासून त्या गळ्यात साधा दोरासुद्धा नाही. घरी बायका हळदीकुंकवाला आल्या की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. येऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही. या असंही कुणी म्हटलेलं नाही, मीही नाही.

विचारायला धीर होईना.

९ ऑगस्ट
विचारलं! आधी भडकल्याच. "माझ्या गळ्यात? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" म्हटलं, चेहरा नाही, नुसता गळा. दार लावून. लगेच उतरवायची. "कुणाला कळणार न्हाय न्हवं?" नाही अक्का, शप्पथ!

खिडकीपाशी बसवलं. चार फोटो झाले. ठुशी काढायला हात पुढे केला तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे. आणि एक घे. हिकडनं उजेड बरा हाय." मी घेतला. आणखी बरेच घेतले.

१६ ऑगस्ट
धडाधड ऑर्डरी! पुणे, नाशिक, बेळगाव — सगळ्यांना गौरी यायच्या आत हवी. बाराशे पन्नासला कुणी हूं की चूं केलं नाही. एकीने विचारलं, "मॉडेलला किती देता?" अक्कांना वाचून दाखवलं. "लिही की — दोन कप चा आन् सुनंची बडबड!" कितीतरी दिवसांनी त्यांना असं खळखळून हसताना पाहिलं. फार फार बरं वाटलं.

२१ ऑगस्ट
सत्यानाश! शेजारच्या विठाबाई फोन नाचवत आल्या, मागे बोळातल्या तिघी. "अक्का, ह्यो तीळ तुझा न्हवं?" गळ्याखालचा तीळ! साऱ्या महाराष्ट्रापासून चेहरा लपवला आणि शिवाजी पेठेला विसरले. इथे चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखतात, तीळ म्हणजे तर आधार कार्ड. "ह्या वयात नटायची हौस आली व्हय?" विठाबाई हसल्या, बाकीच्याही हसल्या. अक्का तशाच आत गेल्या. जेवल्या नाहीत.

फोटो दुकानातून काढून टाकले. मोठी शप्पथ घेणारी मी! स्वतःचाच संताप येतोय.

२४ ऑगस्ट
पुन्हा स्टँड. एकही ऑर्डर नाही. जाऊ दे ऑर्डरी, अक्का बोलत नाहीत.

२६ ऑगस्ट
भाकरी थापता थापता अक्कांनी विचारलं, "फोटू कुठं गेलं?" काढले. "का?" तुम्हाला त्रास नको म्हणून. थापणं चालूच. भाकरी तव्यावर पडली, फुगली, उतरली. मग म्हणाल्या, "गळा माझा हाय. काढायच्या आदी मला इचारायचं तरी."

परत टाकू का, हे विचारायचं सुचलं तोवर त्या उठून गेल्या होत्या.

१ सप्टेंबर, सोमवार
गौरीपूजन. गौरी बघायला बोळातल्या सगळ्या बायका आल्या. दार अक्कांनी उघडलं. गळ्यात ठुशी! विठाबाई उंबऱ्यातच थबकल्या. अक्का म्हणाल्या, "बघतीस काय? बाराशे पन्नास. घासाघीस न्हाय. ये आत."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. बाहेर अक्का ऑर्डरी घेत होत्या.